कर्नलची मेमरी गळते तेव्हा: गळती शोधण्यापासून काढण्यापर्यंत

मालवणच्या धक्क्याजवळ एका बर्फ कारखान्यात लिनक्सवर चालणारा एक डबा आहे. आत तळहातावर मावेल एवढा बोर्ड, ५१२ एमबी रॅम आणि चार तापमापी सेन्सर. बर्फाच्या टाकीतल्या खारवलेल्या पाण्याचं तापमान तो दर सेकंदाला वाचतो आणि मालकांच्या मोबाइलवर पाठवतो. दिवाळीनंतर तिथल्या फोरमनचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो.

"अरे, तुझो डबो आठ-नव दिवस झाले की झोपता. बंद करून चालू केलो की परत चलता. काय ता येवन बघ."

"आणि पावसात?"

"पावसात एकदम बरो होतो."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं, ते चुकलं. दिवाळीत मालकांनी डब्याला यूपीएस लावला होता आणि त्यानंतरच तो झोपायला लागला, म्हणून कारखान्यात सगळे यूपीएसला शिव्या घालत होते. खरं तर पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी लाईट जायची, डबा आपोआप रीबूट व्हायचा आणि मेमरी पुन्हा कोरी व्हायची. यूपीएसने फक्त गळतीला पुरेसा वेळ मिळवून दिला. म्हणून पहिलाच प्रश्न हा विचारा: मशीन शेवटचं रीबूट कधी झालं? 'अपटाइम' कमांडचं उत्तर कागदावर लिहून ठेवा.

पुढचं सगळं त्या डब्याच्या निमित्ताने सांगतोय. थोडं सी येतं, टर्मिनलची भीती नाही, पण कर्नलचा, म्हणजे मेमरी आणि उपकरणं सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचा, कोड कधी उघडलेला नाही, अशांसाठी. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती त्यांच्या मूळ स्पेलिंगनेच टाइप करायची, हे वेगळं सांगायला नको.

गळती कशाला म्हणायचं

आमच्या वाडीत देवळाची भांडी लग्नकार्याला देतात. मोठाले टोप, पराती, घंगाळी. वहीत नाव लिहायचं, कार्य झालं की घासून परत आणून द्यायची. कर्नलमध्ये केमॅलॉक म्हणजे टोप नेणं आणि केफ्री म्हणजे परत आणणं.

साधा प्रोग्रॅम मेमरी परत करायला विसरला तर फारसं बिघडत नाही. प्रोग्रॅम संपला की कर्नल स्वतः जाऊन त्याच्या घरातली सगळी भांडी उचलून आणतं. पण कर्नलनेच, किंवा कर्नलच्या आत चालून उपकरणांशी बोलणाऱ्या ड्रायव्हरने, नेलेलं भांडं परत आणायला कोण जाणार? ते रीबूटपर्यंत बाहेरच. टोप जगातून नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो, फक्त कुणाच्या ते कुणालाच आठवत नाही. ज्या पॉइंटरमध्ये त्याचा पत्ता होता तो पॉइंटर हरवला की झाली गळती.

आणि ती सहसा कुठे होते? कार्य नीट पार पडलं तर भांडी परत येतातच, कारण ती सवय असते. ऐन वेळी लग्न मोडलं की रडारड, भांडणं, आणि टोप मांडवात तसेच. कोडमध्येही सरळ वाट शेकडो वेळा चालवून पाहिलेली असते. चूक झाल्यावर मागे फिरायची वाट कुणी तपासलेलीच नसते. प्रयोगशाळेतल्या कोरड्या एसीत सेन्सर कधी नाही म्हणत नाही. आमच्या धक्क्यावर खारं वारं लागून कनेक्टरच्या पिनांवर दोन महिन्यांत हिरवा कळंक चढतो, आणि मग ड्रायव्हर दिवसभर त्या मागे फिरायच्या वाटेनेच चालत असतो.

थोडी आतली रचना माहीत असू द्या, म्हणजे पुढचे आकडे समजतील. कर्नल रॅम पानांमध्ये मोजतं, बहुतेक मशीनवर एक पान ४०९६ बाइटचं. पानं देण्याघेण्याचं काम बडी अ‍ॅलोकेटरचं. त्या पानांचे छोटे तुकडे पाडून विकणारा किरकोळ दुकानदार म्हणजे स्लॅब अ‍ॅलोकेटर. तुकडे ठरावीक मापांचे असतात: ६४, १२८, २५६, ५१२ असे दुपटीने वाढणारे, मध्ये ९६ आणि १९२ हे दोन आडमाप. तुम्ही ३२८ बाइट मागितले तर दुकानदार ५१२ चा तुकडा देतो.

आधी खात्री करा

नवशिक्यांची पहिली घाबरगुंडी 'फ्री' कमांड पाहून होते. मोकळी मेमरी जवळजवळ शून्य! पण लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशेसाठी वापरतं आणि लागली की सोडतं. पाहायचा आकडा आहे मेमअव्हेलेबल, जो /प्रॉक/मेमइन्फो या फाइलमध्ये कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून मिळतो. तो दिवसेंदिवस उतरत असेल तरच पुढे जा.

त्याच फाइलमध्ये तीन ओळी आहेत: स्लॅब, एसरिक्लेमेबल आणि एसअनरिक्लेम. एसरिक्लेमेबल वाढणं बहुतेक वेळा निरोगी असतं. फाइलींची नावं आणि आयनोड (फाइलींची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) तिथे साठतात, गरज पडली की कर्नल ते टाकून देतं. खात्री हवी तर आधी 'सिंक' करून /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये २ लिहा, आकडा खाली येईल. एसअनरिक्लेम मात्र कर्नलच्या मनात आलं म्हणून मोकळं होत नाही. तो एकाच दिशेने चढत असेल तर संशय पक्का करायला हरकत नाही.

मी स्वतः इथे एक दिवस फुकट घालवला. डब्यातला प्रोग्रॅम आपला लॉग /टेम्प मध्ये लिहीत होता, आणि तिथे /टेम्प म्हणजे रॅममधलीच जागा. ती मेमइन्फोमध्ये शमेम या ओळीत दिसते. लॉगने ६ एमबी खाल्लेले पाहून मला वाटलं, सापडला चोर. चोर नव्हता, मांजर होतं.

मग साधी कसोटी लावा. संशयित प्रोग्रॅम बंद करा. मेमरी परत आली तर गळती प्रोग्रॅमची होती, हा लेख मिटून व्हॅलग्रिंड (प्रोग्रॅममधली गळती शोधणारं हत्यार) उघडा. परत आली नाही तर गळती कर्नलची. आमच्याकडे प्रोग्रॅम बंद केल्यावर चढण थांबली, पण चढलेलं पाणी उतरलं नाही. हे लक्षण छापील आहे: प्रोग्रॅम कर्नलला काहीतरी करायला सांगतो, आणि ते करताना कर्नल सांडतं.

एक सूचना. मेमरी संपल्यावर ओओएम किलर जागा होतो आणि जास्तीत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रॅमला मारतो. कर्नलने सांडलेली मेमरी कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर नसते, त्यामुळे मरतो तो बहुतेक वेळा निरपराध. आमच्या लॉगमध्ये आधी तापमानाचा प्रोग्रॅम मेला, मग एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय. मेलेल्याची चौकशी करत बसू नका.

वही ठेवा

एकदा पाहून काही कळत नाही, उतार कळला पाहिजे. दर १० मिनिटांनी तारीख, अपटाइम, एसअनरिक्लेम आणि /प्रॉक/स्लॅबइन्फोची पूर्ण नक्कल एका फाइलमध्ये जोडत जाणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावा. स्लॅबइन्फो वाचायला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता, लागतो. फाइल रॅममध्ये नको, एसडी कार्डावर ठेवा. वर सांगितलेला माझा लॉग आठवा.

चार दिवसांनी आलेख काढा. वहीच्या पानावर पेनाने काढलात तरी चालेल. पायऱ्या-पायऱ्यांनी चढत असेल तर एखादं ठरावीक काम सांडतंय: रोजचा बॅकअप, वायफाय तुटून जोडणं, पेनड्राइव्ह लावणं. सरळ रेषेत चढत असेल तर कुठलं तरी सतत चालणारं काम.

आमचा आलेख फूटपट्टीसारखा सरळ होता. दिवसाला ४२ एमबी. रॅममधले साधारण ३८० एमबी मोकळे, म्हणजे नऊ दिवस. मामांचा हिशोब बरोबर होता.

कुठल्या मापाचे टोप कमी झालेत

आता 'स्लॅबटॉप -एस सी' चालवा. सगळ्यात जास्त जागा खाणारे स्लॅब वर येतात. एका वेळेच्या यादीवरून निष्कर्ष काढू नका. वहीतली चार दिवसांपूर्वीची नक्कल शेजारी ठेवा आणि ज्याची संख्या वाढत गेलीय तो शोधा. आमच्याकडे केमॅलॉक-५१२ वाढत होता, बाकी सगळे जागच्या जागी.

इथे पाटीवर थोडं गणित केलंत तर अर्धं काम होतं. ४२ एमबी भागिले ५१२ बाइट म्हणजे दिवसाला साधारण ८६ हजार तुकडे. दिवसात सेकंद किती? ८६,४००. सेकंदाला एक टोप! डब्यात सेकंदाच्या तालावर चालणारं काम एकच होतं, सेन्सर वाचणं. पण सेन्सर चार, म्हणजे वाचनं सेकंदाला चार, आणि गळती एक. चारातलं एक वाचन सांडतंय. कर्नलचा कोड अजून उघडलाही नव्हता आणि कुठलं फंक्शन वाचायचं ते ठरलं होतं.

सावध राहायची गोष्ट अशी की कर्नल सारख्या मापाचे वेगवेगळे स्लॅब एकत्र करून टाकतं, आणि दिसतं ते नाव भलत्याचंच असू शकतं. शंका आली तर बूट करताना कर्नलला 'स्लॅब_नोमर्ज' हा पर्याय द्या.

केमेमलीकला विचारा

गणिताने संशय येतो, पुरावा देतो केमेमलीक. हे हत्यार कर्नलमध्ये २.६.३१ या आवृत्तीपासून, २००९ पासून आहे. ते करतं काय? दिलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवतं आणि अधूनमधून कर्नलची सगळी मेमरी पिंजून पाहतं की या तुकड्याचा पत्ता कुठे तरी लिहिलेला आहे का. गावातल्या प्रत्येकाचे खिसे तपासायचे. ज्या टोपाची चिठ्ठी एकाच्याही खिशात नाही तो टोप बेवारशी.

त्यासाठी कर्नल 'डीबग केमेमलीक' हा पर्याय चालू करून पुन्हा बांधावं लागतं. लॅपटॉपवर बांधत असाल तर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरा. सध्या लोड असलेल्या मॉड्यूलांपुरतंच (कर्नलला जोडता-काढता येणारे भाग) कॉन्फिग छाटून मिळतं आणि तासांचं काम मिनिटांवर येतं. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ही सोय मी कधीच विसरत नाही. बोर्डासाठी बांधायचं तर बोर्डाचंच कॉन्फिग घ्या आणि त्यात एवढा एकच बदल करा.

कर्नल वर आलं की डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी सोय) माउंट करा. /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक ही फाइल दिसेल. ते स्वतःहून दर १० मिनिटांनी पाहणी करतं, पण तुम्ही थांबू नका: त्या फाइलमध्ये 'क्लिअर' लिहा म्हणजे जुन्या तक्रारी बाजूला पडतात, गळतीचं काम मिनिटभर चालू द्या, मग 'स्कॅन' लिहा, थोडं थांबून पुन्हा 'स्कॅन' लिहा आणि फाइल वाचा. दोनदा अशासाठी की पहिल्या पाहणीत क्षणभर वाटेत असलेला पॉइंटर निसटतो आणि नसलेली गळती दिसते. 'ऑफ' मात्र लिहू नका. एकदा बंद केलेलं केमेमलीक रीबूटशिवाय चालू होत नाही.

प्रत्येक तक्रारीत तुकड्याचा पत्ता, आकार, कुठला प्रोग्रॅम चालू होता, पहिले ३२ बाइट आणि खाली कॉलची साखळी असते. आकाराच्या जागी ५१२ दिसला म्हणून कोडमध्ये ५१२ शोधत बसू नका, ते दुकानदाराचं माप आहे; आमच्या ड्रायव्हरमधली रचना ३२८ बाइटची होती. साखळीतल्या वरच्या एक-दोन ओळी अ‍ॅलोकेटरच्याच असतात. जिथे पहिल्यांदा ड्रायव्हरचं नाव दिसतं ती ओळ धरा आणि कर्नलच्या स्क्रिप्ट्समधल्या 'एफएडीडीआर२लाइन' ला द्या, ती थेट फाइल आणि ओळ क्रमांक सांगते.

ते ३२ बाइट लोक पाहतच नाहीत. मी पाहिले. पहिला बाइट जवळजवळ प्रत्येक तक्रारीत ०३. ड्रायव्हरची रचना उघडली तर पहिला सदस्य सेन्सरचा क्रमांक. म्हणजे सांडत होता तीन नंबर. कारखान्यात जाऊन पाहिलं तर तीन नंबरच्या कनेक्टरवर असा कळंक, की जुन्या समईवर नसेल. तो सेन्सर कित्येक दिवस धड बोलतच नव्हता. प्रोग्रॅम वाचन फसलं की आधीचाच आकडा पुढे ढकलायचा, त्यामुळे मालकांच्या मोबाइलवर तीन नंबर उणे ९ वर गोठलेला. बर्फाच्या कारखान्यात गोठलेला आकडा कुणाला खटकणार?

केमेमलीकच्या मर्यादाही माहीत हव्यात. एखाद्या यादीत तुकडे टाकतच राहिले आणि काढलेच नाहीत, तर प्रत्येकाची चिठ्ठी कुणाच्या तरी खिशात असते. केमेमलीक गप्प राहतं आणि मेमरी संपते. ड्रायव्हरने पूर्ण पानंच परस्पर बडी अ‍ॅलोकेटरकडून घेतली असतील तर तीही त्याला दिसत नाहीत. तिथे 'पेज ओनर', म्हणजे कुठलं पान कुणी घेतलं याची नोंद ठेवणारी सोय, लागतो. तुमचं कर्नल ६.१० किंवा नंतरचं, म्हणजे २०२४ च्या मध्यानंतरचं असेल तर याहून सोपी वाट आहे. 'मेमरी अ‍ॅलोकेशन प्रोफायलिंग' चालू करून बांधा आणि /प्रॉक/अ‍ॅलोकइन्फो वाचा: कोडच्या कुठल्या ओळीने किती बाइट धरून ठेवलेत त्याची यादीच मिळते. यादीतली गळतीही त्यात लपत नाही. मला आज निवडायला सांगितलं तर मी आधी हेच पाहीन. डब्यातलं कंपनीचं कर्नल फार जुनं होतं, म्हणून केमेमलीक.

मुद्दाम मोडा

दर खेपेला नऊ दिवस थांबून दुरुस्ती होत नाही. गळती हुकमी घडवता आली पाहिजे. मी घरी तसाच बोर्ड घेतला, तीन नंबरची वायर उपटली आणि वाचनाचा वेग सेकंदाला शंभर केला. सव्वादोन तासांत बोर्ड आडवा.

उपटायला वायर नसेल तर फॉल्ट इंजेक्शन आहे. 'फेलस्लॅब' चालू केलेलं कर्नल तुम्ही सांगाल त्या प्रमाणात केमॅलॉकला मुद्दाम नकार द्यायला लावतं. ते सगळ्या सिस्टिमवर सोडू नका, टास्क-फिल्टर लावून एकाच प्रोग्रॅमपुरतं ठेवा, नाहीतर लॉगिनसुद्धा होणार नाही. आणि हे खेळ क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. रोजच्या लॅपटॉपवर केल्याने काय होतं ते मला विचारू नका.

कोड वाचताना

शेजारची एक मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती हे सगळं पाहायला येऊन बसायची. तिला मी सांगितलं, स्क्रीन मिट, फंक्शन कागदावर मराठीत लिही. तिने लिहिलं ते असं:

१. नोंदीसाठी जागा घेतली. नाही मिळाली तर परत.
२. कुलूप लावलं.
३. सेन्सरला विचारलं. उत्तर नाही आलं तर कुलूप काढून परत.
४. चेकसम पडताळला. जुळला नाही तर कुलूप काढलं, नोंद सोडली, परत.
५. नोंद रांगेत लावली.
६. कुलूप काढलं. सगळं ठीक म्हणून परत.

लिहिता लिहिताच ती तिसऱ्या ओळीवर थांबली. "दादा, चौथीत सोडलंय, तिसरीत नाही."

तेवढंच. एक केफ्री राहिलेला. चौथ्या ओळीत तो आहे म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत होतं, पण लग्न मोडायच्या दोन प्रसंगांपैकी एकात टोप उचलायचा राहिला. कागदावर लिहायचं ते यासाठीच: प्रत्येक 'परत' या शब्दाशी थांबायचं आणि विचारायचं, या क्षणी हातात काय काय आहे? जागा, कुलूप, संदर्भ, इंटरप्ट, क्लॉक. घेतलेलं प्रत्येक काही दिलंय का?

मग तिने दुरुस्ती केली आणि बोर्ड दोन मिनिटांत कोसळला. तिने सगळ्या वाटा शेवटी एकाच जागी आणल्या आणि तिथे केफ्री लिहिला. पण पाचव्या ओळीत नोंद रांगेच्या ताब्यात गेलेली असते. तिथून पुढे तो टोप आपला नाही, रांग वाचणाऱ्याचा. तिच्या कोडमध्ये चांगलं वाचनही सोडलं जात होतं आणि रांगेतला वाचक मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालत होता. गळती परवडली, हे नको. गळतीने मशीन नऊ दिवसांनी झोपतं, मोकळ्या मेमरीतल्या हाताने कधीही, कुठेही, आणि सुरक्षेलाच भोक पडतं. म्हणून केफ्री लिहिण्याआधी त्या मेमरीचा मालक कोण ते ठरवा.

बरोबर दुरुस्ती कर्नलच्या जुन्या रिवाजाप्रमाणे गोटूने होते. फंक्शनच्या तळाशी लेबलं लिहायची, घेतल्याच्या उलट क्रमाने: आधी कुलूप सोडा, मग नोंद सोडा. तिसरी आणि चौथी ओळ चूक झाल्यावर तिथे उडी मारतात. यशाची वाट त्या लेबलांच्या आधीच परत फिरते. कॉलेजात गोटू म्हणजे पाप असं शिकवतात. कर्नलमध्ये तो रोजचा आहे, आणि इथे तो योग्यच आहे. नव्या कर्नलमध्ये, ६.५ पासून (२०२३), क्लीनअप.एच मधली सोय आहे: चल घोषित करतानाच '__फ्री(केफ्री)' लिहिलं की फंक्शनबाहेर पडताना मेमरी आपोआप सुटते. मग रांगेत लावताना 'नो_फ्री_पीटीआर' लिहून ताबा सोडावा लागतो, नाहीतर तिचीच चूक नव्या कपड्यात.

डेव्हएम_केझॅलॉक नावाचा एक मोह आहे, तो टाळा. त्याने घेतलेली मेमरी ड्रायव्हर सुटताना आपोआप परत जाते, म्हणून लोक सगळीकडे वापरतात. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाला जोडला जाताना चालणारं फंक्शन), एकदाच घ्यायच्या जागेसाठी, उत्तम. दर सेकंदाला चालणाऱ्या वाचनात वापरलंत तर ड्रायव्हर सुटेपर्यंत काहीच परत जाणार नाही. त्या तुकड्यांची यादी डिव्हाइसकडे असते, त्यामुळे केमेमलीकही बोट दाखवणार नाही. गळती दुरुस्त करताना अशी लपवलेली गळती मी एकाहून जास्त वेळा पाहिलीय.

आणखी दोन सापळे सांगून ठेवतो. केरिअ‍ॅलॉकचं, म्हणजे घेतलेली जागा लहान-मोठी करून देणाऱ्या फंक्शनचं, उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. नकार आला तर शून्य येतं आणि जुन्या जागेचा पत्ता पुसला जातो. दुसरा सापळा संदर्भ मोजण्याचा. काही भांडी अनेकजण मिळून वापरतात. तिथे वहीत नाव नाही, आकडा असतो. गेट केलं की एक वाढतो, पुट केलं की एक उतरतो, शून्य झालं की भांडं देवळात. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावरच्या उपकरणांची झाडासारखी यादी) मुलांवरून फिरणारं लूप प्रत्येक फेरीत आपणच गेट-पुट करतं. पण मधूनच ब्रेक करून किंवा परत फिरून बाहेर पडलात तर शेवटच्या मुलाचा संदर्भ तुमच्या हातात राहतो, आणि ओएफ_नोड_पुट तुम्हालाच करावं लागतं. हवी ती गोष्ट सापडली या आनंदात तो राहतो. पहिला पॅच, म्हणजे पाठवायची दुरुस्ती, कुठे शोधू असं कुणी विचारलं तर मी याच लूपांकडे बोट दाखवतो.

खात्री

डबा झोपला नाही म्हणजे गळती गेली, असं नाही. आधीच्या कसोटीत सेकंदाला शंभर वाचनांनी सव्वादोन तासांत मेमरी संपत होती. तीच वायर उपटलेली, तोच वेग, तेच सव्वादोन तास, आणि एसअनरिक्लेमची रेषा आडवी हवी. केमेमलीक रिकामं हवं. त्यानंतर केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं हत्यार) चालू केलेलं कर्नल बांधून हेच पुन्हा चालवा. जास्तीचा केफ्री किंवा सोडल्यानंतरचा वापर ते जागच्या जागी पकडतं. छोट्या बोर्डाला ते जड जातं, तरी एकदा चालवाच. शेवटी मॉड्यूल हजारदा लोड-अनलोड करणारं लूप रात्रभर सोडा. त्यात मला प्रोबच्या चुकीच्या वाटेवर राहिलेलं आणखी एक ओएफ_नोड_पुट सापडलं.

हे सगळं होईपर्यंत कारखान्याचं काय? मी दर रविवारी पहाटे रीबूट करणारी क्रॉनची ओळ लावून दिली होती. त्यात लाज नाही, फक्त त्या ओळीशेजारी कारण आणि तारीख लिहून ठेवा. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवून मात्र काही साधत नाही. स्लॅबमधली मेमरी स्वॅपमध्ये जातच नाही. तुमचे प्रोग्रॅम तेवढे बाहेर ढकलले जातात आणि डबा झोपण्याआधी दोन दिवस रखडतो.

पॅच पाठवताना

ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला असेल तर दुरुस्ती तिथे पाठवा. एका पॅचमध्ये एकच गळती. वर्णनात मेमरी कुठल्या वाटेवर राहते ते दोन-तीन वाक्यांत, केमेमलीकची तक्रार छाटून, आणि चूक ज्या कमिटने (गिटमध्ये नोंदलेला बदल) आली त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं व शीर्षक 'फिक्सेस' या ओळीत. गळती कधी शिरली ते 'गिट ब्लेम' ने, म्हणजे कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखवणाऱ्या कमांडने, कळतं. नाहीच कळलं तर 'गिट बायसेक्ट', हजार कमिटांतून दहा पायऱ्यांत पोचवतं. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि लोक तुम्हाला ओळखतात ते नाव, निनावी नको. मग पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, गेट_मेंटेनर कुणाला पाठवायचं ते सांगेल, आणि 'गिट सेंड-ईमेल' ने साध्या मजकुरात पाठवा. अटॅचमेंट नको, सजवलेला ईमेल नको. उत्तर तुटक आलं तर वाईट वाटून घेऊ नका, सुचवलेलं करून दुसरी आवृत्ती पाठवा.

आमचा ड्रायव्हर बोर्ड विकणाऱ्या कंपनीचा स्वतःचा होता. त्यांना पॅच, आलेख आणि तक्रारी पाठवल्या. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत घेऊ. ती आवृत्ती अजून आलेली नाही, म्हणून डब्यात आम्हीच बांधलेलं मॉड्यूल चालतं.

तीन नंबरचा कनेक्टर बदलला, त्यावर ग्रीस थापलं, आणि प्रोग्रॅममध्ये वाचन फसलं तर आकड्याऐवजी रेघ दाखवायची सोय केली. रविवारची क्रॉनची ओळ काढून टाकली. परवा सहज लॉगिन करून अपटाइम पाहिला, ६३ दिवसांची अपेक्षा होती, दिसले चार तास. धावत फोन केला.

"लादी पुसूक प्लग काढलंय," मामा म्हणाले. "माका काय म्हायत, तू दिवस मोजतस ता!"